खंड्याची पालखी

दर वर्षी 12 जानेवारी जवळ आली, की आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या रस्त्यांवरची वर्दळ सिंदखेड राजाकडे वळते. जिजाऊंचा जन्म तिथला, 1598 सालचा. बँकेच्या नोकरीत त्या बाजूला होतो, तेव्हा लखुजी जाधवांच्या वाड्यासमोरची ती गर्दी मी अनेकदा पाहिली आहे. पण याच तारखेला, जिजाऊंच्या जन्मानंतर बरोबर 110 वर्षांनी, 12 जानेवारी 1708 रोजी त्यांच्या पणतूला साताऱ्यात राज्याभिषेक झाला, हे फार थोड्यांच्या ध्यानात असतं. हा पणतू म्हणजे छत्रपती शाहू महाराज. कोल्हापूरचे राजर्षी शाहू वेगळे, ते पुष्कळ नंतरचे. हे संभाजी महाराज आणि येसूबाई यांचे पुत्र.

त्यांच्या काळात मराठी राज्य कुठवर पोचलं, यावर जाडजूड ग्रंथ आहेत. मला मात्र त्यांची आठवण झाली ती एका कुत्र्यामुळे. आणि कुत्र्याची आठवण झाली ती आमच्या नातीमुळे. गेल्या दिवाळीनंतर ती दोन महिन्यांचं गावठी पिल्लू ओढणीत गुंडाळून घरी घेऊन आली. आता ते आपल्याकडेच राहणार, असं तिनं जाहीर केलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गप्प राहिलो. त्या गप्प राहण्यामागे एक जुनी गोष्ट होती, ती नातीला ठाऊक नव्हती.

तीस-बत्तीस वर्षांपूर्वी बदलीच्या गावी आम्ही एक कुत्रा पाळला होता. नाव मोत्या. त्याला शिस्त लावायची म्हणून मी वर्तमानपत्राची सुरळी हाताशी ठेवत असे. घरात घाण केली, की फटका. चप्पल चावली, की फटका. खाताना कोणी जवळ गेलं आणि तो गुरगुरला, तर दोन फटके. महिनाभरात त्याचं गुरगुरणं थांबलं. मला वाटलं, कुत्रा सुधारला. मग एका संध्याकाळी माझ्या चार वर्षांच्या मुलानं त्याच्या ताटलीत हात घातला आणि मोत्या सरळ त्या हाताला चावला. चावण्याआधी तो गुरगुरला नाही. गुरगुरणं मीच बंद केलं होतं. मुलाच्या हातावरची ती खूण आजही आहे. मोत्याला मी एका परिचिताच्या शेतावर सोडून आलो. परतताना तो माझ्या स्कूटरमागे बराच वेळ धावत होता.

म्हणून शाहू महाराजांच्या कुत्र्याची हकीकत मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा मला ती गमतीची वाटत नाही.

शाहूंचा जन्म 18 मे 1682 चा, माणगावजवळच्या गांगवलीचा. ते सात वर्षांचे होण्याआधीच त्यांच्या वडिलांची औरंगजेबानं हत्या केली आणि त्याच वर्षी, 1689 च्या नोव्हेंबरात, रायगड पडला. आईबरोबर हे पोर मोगलांच्या हाती लागलं. पुढची साडेसतरा वर्षं त्यांनी बादशहाच्या छावणीत काढली. ती छावणी म्हणजे एक चालतं शहर होतं. आज इथे, उद्या तिथे. ज्या वयात मुलं अंगणात विटीदांडू खेळतात, त्या वयात हा मुलगा शत्रूच्या तंबूंच्या कनातींमध्ये वाढत होता. बादशहाची मुलगी झीनतुन्निसा बेगम हिनं मात्र त्या मायलेकरांवर माया केली, असं इतिहासकार नोंदवतात. धाकात जगणं म्हणजे काय आणि त्या धाकात कोणी मायेनं वागलं तर त्याचं मोल काय, हे दोन्ही त्या मुलाला लहानपणीच कळलं असणार.

1707 मध्ये अहमदनगरजवळ औरंगजेब वारला. उत्तरेकडे निघालेल्या आझमशहानं मे महिन्यात भोपाळजवळच्या दोराहे इथे शाहूंना सोडलं. येसूबाई मात्र ओलीस म्हणून मागेच राहिल्या. पंचविशीतला हा राजपुत्र खानदेशातून दक्षिणेकडे येत असताना पारद गावी तिथल्या लोखंडे पाटलानं त्यांना विरोध केला. चकमक झाली, पाटील मारला गेला. त्याच्या बायकोनं आपलं लहान मूल आणून शाहूंच्या पालखीत ठेवलं. शाहूंनी ते मूल परत केलं नाही, टाकलंही नाही. ते आपलं म्हणून वाढवलं, त्याचं नाव फत्तेसिंह ठेवलं. अक्कलकोटच्या राजघराण्याचा मूळपुरुष तो हाच. ज्याचा बाप आपल्याविरुद्ध लढला, त्याला मांडीवर घेणं ही साधी गोष्ट नव्हे.

पुढे खेडच्या लढाईत ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंच्या बाजूला आले. हे धनाजी आमच्या सिंदखेडच्या जाधवांच्याच वंशातले. 1713 मध्ये शाहूंनी बाळाजी विश्वनाथांना पेशवा केलं आणि 1719 मध्ये, तब्बल तीस वर्षांनी, येसूबाई दिल्लीहून सुटून मुलाकडे आल्या. 1724 साली आमच्याच जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला निजाम आणि मुबारिझखान यांची मोठी लढाई झाली, तेव्हा शाहूंचा पेशवा बाजीराव निजामाच्या बाजूनं होता. महाराज स्वतः मोहिमांवर फारसे गेले नाहीत. माणसं निवडायची, त्यांना वाव द्यायचा, मान द्यायचा आणि चांगलं काम केलं की भर दरबारात त्याचं चीज करायचं, ही त्यांची रीत. ताराबाई पुढे साताऱ्यात आल्या, त्यांनाही त्यांनी इतमामानं ठेवलं. काहींना हा दुबळेपणा वाटला. पण या राजाच्या चाळीसेक वर्षांच्या कारकिर्दीत साताऱ्याच्या शब्दाला वजन राहिलं.

शिकारीचा, घोड्यांचा, कुत्र्यांचा त्यांना नाद होता. त्यांच्या एका लाडक्या कुत्र्याला लोक खंड्या म्हणून ओळखतात. शिकारीच्या वेळी वाघ महाराजांवर येत असता खंड्यानं भुंकून सावध केलं आणि त्यांचा जीव वाचला, अशी कथा साताऱ्याकडे सांगतात. साताऱ्याला इंग्रजांचा रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफनं 1826 साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात या कुत्र्याची नोंद आहे. त्यानं लिहिलंय, की या कुत्र्यानं वाघाच्या शिकारीत राजाचे प्राण वाचवले होते. राजानं त्याच्या नावानं जहागिरीची सनद काढली, त्याला पालखीचा मान दिला आणि पालखीचा सगळा सरंजाम खरोखरच ठेवला गेला. एकदा तर दोन सरदार भेटीला यायचे होते, तेव्हा त्यांनी कुत्र्याला जरीचे कपडे आणि दागिने घातले, स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली आणि त्यानंतर स्वतः कधी डोक्यावर काही घातलं नाही.

ग्रँट डफ हे सगळं राजाच्या चित्तभ्रमाच्या खाती टाकतो. असेलही. पण बत्तीस वर्षं लोकांची खाती तपासलेला मी माणूस, मला ही नोंद दुसऱ्या रकान्यात मांडावीशी वाटते. मन थाऱ्यावर नसतानाही ज्याला एका मुक्या जनावराचे उपकार विसरता येत नाहीत, त्याच्या मनाचा तळ स्वच्छच म्हणायचा. आणि एक गोष्ट मला मोत्यानं शिकवली आहे. भुंकल्याबद्दल, गुरगुरल्याबद्दल ज्याला मार बसतो, ते कुत्रं पुढे वाघ दिसला तरी तोंड उघडायला कचरतं. कुत्र्याचा आवाज ही मालकाची कमाई असते. ती मायेनं मिळते आणि फटक्यानं बुडते.

माझ्या वेळी हे सांगणारं कोणी भेटलं नाही. खरं तर शास्त्र तोवर बरंच पुढे गेलं होतं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी 1951 सालीच एका विज्ञान मासिकात लेख लिहून दाखवलं होतं, की जनावराला शिकवायचं तर हवं ते वागणं घडल्याक्षणी बक्षीस द्यावं. क्षण महत्त्वाचा. दोन सेकंदांनी उशीर झाला, तर बक्षीस कशाचं हेच पिल्लाला कळत नाही. या वेळी नातीनं आणि मी तसंच ठरवलं.

पिल्लू झोपून उठलं, जेवलं किंवा खेळून दमलं, की लगेच अंगणातल्या ठरलेल्या कोपऱ्यात न्यायचं. तिथे शू केली, की जागच्या जागी शाबासकी आणि चिमूटभर उकडलेली कोंबडी. घरात झाली तर गुपचूप पुसून टाकायचं; त्याचं नाक त्यात घासायचं नाही. त्यानं ते फक्त आपल्याला घाबरायला शिकतं आणि पलंगाखाली लपून कार्यभाग उरकतं. हाक मारल्यावर आलं, की नेहमी काहीतरी चांगलं व्हायला हवं. रागावण्यासाठी किंवा आंघोळीसाठी हाक मारायची नाही, त्या वेळी आपण उठून त्याच्याकडे जायचं. दात शिवशिवत असतात तेव्हा चप्पल उचलून ठेवायची आणि चावायला दुसरं काही द्यायचं. शिकवणी पाच मिनिटांची, दिवसातून तीनचारदा. सक्तीची वसुली नाही, रोजची छोटी ठेव. बँकेत आवर्ती ठेव असते ना, अगदी तशी.

साधारण तीन ते चौदा आठवड्यांचं वय फार मोलाचं. या काळात जे जे शांतपणे पाहायला मिळतं, त्याची भीती पुढे राहत नाही. काठी टेकणारे म्हातारे, टोपीवाला पोस्टमन, मोटारसायकल, कुकरची शिट्टी, लहान मुलं. लसी पूर्ण होईपर्यंत नातीनं त्याला कडेवर घेऊनच गाव दाखवलं. पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत आईपासून तोडू नये. पार्वो आणि डिस्टेंपरच्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा देत सोळा आठवड्यांच्या आसपास पूर्ण होतात. पिसाळण्याची लस तीन महिन्यांची झाल्यावर, पुढे डॉक्टर सांगतील तशी दर वर्षी. जंताचं औषध लहानपणी दर पंधरवड्याला.

खाण्यात आपण मायेपोटी चुका करतो. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण ही कुत्र्याला विषासमान. शिजवलेल्या हाडाचे टोकदार तुकडे होऊन आतड्याला इजा होते. नुसत्या दूधभाकरीवर पिल्लाचं पोषण नीट होत नाही, अंडी, मांस किंवा तयार खाद्य हवं. आमच्याकडे मलकापूर, शेगाव, खामगावच्या उन्हाळ्याचं काय सांगावं! डांबरी रस्त्यावर हाताची पालथी बाजू पाच सेकंद ठेवून पाहावी. आपल्याला सोसवत नसेल, तर त्याच्या पायांनाही सोसत नाही. फिरणं पहाटे आणि दिवस मावळल्यावर, पाणी सदैव सावलीत. कानामागे, बोटांच्या बेचक्यांत गोचीड रोज बघायची. त्यांच्यापासून ताप येतो. ओझरता जरी दात लागला, तरी जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हळद, तिखट, चुना यांच्या नादी लागायचं नाही.

शाहू महाराज 15 डिसेंबर 1749 रोजी साताऱ्यात वारले. कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर, माहुलीला, त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्याच संगम माहुलीत त्यांच्या कुत्र्याची समाधीही आहे. निवृत्तीनंतर एकदा मी ती पाहायला गेलो होतो. घाटावर बायका धुणं धूत होत्या. समाधीपाशी मी बराच वेळ उभा राहिलो आणि मनात खंड्या नव्हता, स्कूटरमागे धावणारा मोत्या होता.

परवाची गोष्ट. पिल्लू अंगणात जेवत होतं. मी सहज जवळून गेलो तर ते गुरगुरलं. माझा हात सवयीनं वर गेला. ओसरीवरून नात पाहत होती. मी हात खाली घेतला, दोन पावलं मागे सरलो आणि कोंबडीचा एक तुकडा लांबूनच त्याच्या ताटलीत टाकला. मग रोज तेच, रोज थोडं जवळून. आठवडाभरानं ते मला येताना पाहून शेपूट हलवू लागलं. तरी घरातल्या लहानांना ताकीद आहे: जेवताना त्याला त्रास द्यायचा नाही. आणि ते गुरगुरलं, तर रागवायचं नाही, येऊन मला सांगायचं.

नातीनं त्याचं नाव खंड्या ठेवलं आहे. पालखी आमच्याकडे नाही. दवाखान्यात न्यायला माझी जुनी स्कूटर आहे, आणि तो तिच्या पुढ्यात, माझ्या दोन पायांच्या मध्ये उभा राहून येतो.