विश्लेषण : अकरा मसाल्यांचे गुपित आणि ते विकणारे कर्नल

एप्रिल-मे महिन्यात मालवण, कुडाळ, वेंगुर्ल्याच्या खळ्यांत मिरच्या वाळू लागतात. बेडगी, शंकेश्वरी, धणे, बडीशेप, लवंग, मिरी, दालचिनी, दगडफूल, नागकेशर अशी यादी सगळ्या घरांत जवळपास सारखीच असते. तरी एका घरचा मसाला दुसऱ्या घरासारखा होत नाही. शेजारणीला प्रमाण विचारले तर ती सांगतेही, पण डंकावरून कुटून आणल्यावर चव काही तिच्यासारखी लागत नाही. अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या एका माणसाने मात्र आपल्या मसाल्याचे प्रमाण धंद्यातल्या भागीदारांनाही सांगितले नाही, आणि त्या न सांगण्यावरच जगभर पसरलेला व्यवसाय उभा राहिला. केएफसीच्या डब्यावरचे पांढऱ्या दाढीचे ते गृहस्थ म्हणजे हार्लंड सँडर्स. त्यांच्या चिकनची नक्कल करणाऱ्या पाककृती आज मोबाइलवर हव्या तितक्या सापडतात. मुळात हे गुपित होते काय, ते जपले का गेले आणि आपल्या कढईत ते कितपत उतरते?

सँडर्स स्वयंपाकाकडे कसे वळले?

त्यांना स्वयंपाक करावाच लागला. ९ सप्टेंबर १८९० रोजी इंडियाना राज्यातील हेन्रीव्हिल गावाजवळ त्यांचा जन्म झाला. पाच वर्षांचे असताना वडील वारले. आई टोमॅटो डबाबंद करणाऱ्या कारखान्यात कामाला जाऊ लागली आणि घरातली धाकटी भावंडे थोरल्या हार्लंडवर सोपवली गेली. सातव्या वर्षी त्यांना पाव भाजता येत होता, भाज्या शिजवता येत होत्या. सातवीत शाळा सुटली.

त्यानंतरची पंचवीस वर्षे म्हणजे धरसोडीची मोठी यादी आहे. वय वाढवून सांगून ते सैन्यात गेले आणि काही महिने क्युबात राहिले. रेल्वेत इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकला. टपालाने कायद्याचे शिक्षण घेऊन छोट्या न्यायालयांत वकिली केली. ती आपल्याच अशिलाशी झालेल्या मारामारीने संपली. ओहायो नदीवर प्रवासी होडीची कंपनी काढली, ॲसिटिलीनचे दिवे विकून पाहिले तोवर विजेचे दिवे आले, टायर विकले, पेट्रोल पंप चालवला. महामंदीत तो पंपही बंद पडला. माणूस कष्टाळू होता, पण तोंडाचा आणि हाताचा फटकळ. हा स्वभाव पुढेही सुटला नाही.

पेट्रोल पंपावर चिकन कुठून आले?

१९३० मध्ये शेल कंपनीने त्यांना केंटकीतील नॉर्थ कॉर्बिन येथे पंप चालवायला दिला. भाडे नाही, विक्रीवर टक्केवारी. रस्ता वाहता होता, पण जवळपास धड जेवण मिळत नव्हते. सँडर्स पंपामागच्या आपल्या खोलीतल्या जेवणाच्या टेबलावरच प्रवाशांना वाढू लागले. मीठ मुरवलेले डुकराचे मांस, भाज्या, पाव आणि तळलेली कोंबडी असा घरचाच बेत. मालवणात खानावळी जशा घराच्या पडवीत सुरू होतात, तसाच हा प्रकार. स्पर्धा मात्र आपल्याकडच्यापेक्षा भयंकर होती. रस्त्यावरच्या जाहिरातीच्या पाटीवरून शेजारच्या पंपचालकाशी वाद झाला, गोळ्या झाडल्या गेल्या, शेलचा एक अधिकारी जागीच मेला आणि तो प्रतिस्पर्धी तुरुंगात गेला.

१९३५ मध्ये राज्याच्या गव्हर्नरांनी त्यांना केंटकी कर्नल ही पदवी दिली. तिचा सैन्याशी संबंध नाही. आपल्याकडे पूर्वी रावसाहेब, रावबहादूर असत, त्यातलाच हा मान. खानावळीचे मोठे उपाहारगृह झाले, जोडीला मोटेल आले. मोटेलच्या खोलीचा एक हुबेहूब नमुना त्यांनी उपाहारगृहाच्या आतच बांधला आणि स्त्रियांच्या प्रसाधनगृहाकडे जाणारी वाट त्या खोलीतून काढली. मुक्काम कुठे करायचा हे घरातली बाईच ठरवते, असा त्यांचा हिशेब होता. १९३९ मध्ये आगीत सगळे जळाले. त्यांनी ते पुन्हा उभारले.

चिकनची खरी अडचण वेळेची होती. लोखंडी पसरट भांड्यात झाकण ठेवून तळायचे तर अर्धा तास लागतो. वाटसरू तेवढा थांबत नाही, आणि आधी तळून ठेवले तर उरलेले फेकावे लागते. भरपूर तेलात सोडून पटकन तळलेले चिकन त्यांना पसंत नव्हते. त्याच सुमारास घरगुती प्रेशर कुकर बाजारात आले होते. सँडर्स यांनी तो घेतला आणि भाज्या शिजवायच्या त्या भांड्यात तेल घालून चिकन तळून पाहिले. दाबाखाली मांसातले पाणी शंभर अंशांच्या वर जाऊन उकळते, त्यामुळे वाफ होऊन निघून जाण्याऐवजी बरेचसे आतच राहते. आठ-दहा मिनिटांत तुकडा हाडापर्यंत शिजतो आणि कोरडा पडत नाही. मसाल्याचे मिश्रण १९४० मध्ये पक्के झाले. अकरा मसाल्यांचा बोलबाला नंतर झाला. त्या दिवशीच्या गिऱ्हाइकासाठी कुकर हाच मोठा शोध होता.

मग सगळे विकावे का लागले?

याचे उत्तर सिंधुदुर्गातल्या हॉटेलवाल्यांना समजावून सांगावे लागणार नाही. झाराप-पत्रादेवी बाह्यवळण झाले आणि गोव्याकडे जाणारी वाहने सावंतवाडीत न शिरता बाहेरून जाऊ लागली. कॉर्बिनमध्ये १९५०च्या दशकाच्या मध्यावर तेच घडले. आधी जोडरस्ता हलला, मग नवा आंतरराज्य महामार्ग गावाला वळसा घालणार हे स्पष्ट झाले. ज्या जागेला काही वर्षांपूर्वी दीड लाख डॉलरहून अधिक मागणी आली होती, ती १९५६ मध्ये लिलावात ७५ हजारांना गेली. देणी फेडल्यावर ६५ वर्षांच्या सँडर्स यांच्याकडे थोडी शिल्लक आणि महिन्याला १०५ डॉलरचे सरकारी वृद्धवेतन उरले.

व्हॉट्सॲपवर फिरणारी त्यांची कथा इथून सुरू होते. कफल्लक म्हातारा, १००९ नकार आणि मग यश. त्या १००९ला आधार नाही. शिवाय धंद्याची वाट त्याआधीच सापडली होती. १९५२ मध्ये युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटीजवळ पीट हार्मन या उपाहारगृहचालकाने सँडर्स यांचे चिकन विकायला घेतले होते. केंटकी फ्राइड चिकन हे नाव तिथे पाटी रंगवणाऱ्याने सुचवले आणि १९५७ मध्ये चिकनने भरलेली ती प्रसिद्ध कागदी बादलीही हार्मन यांनीच आणली. लिलावानंतर सँडर्स यांनी नवे एवढेच केले, की जागा सोडून पाककृतीच गाडीत घातली. कुकर आणि मसाल्याचे डबे घेऊन ते गावोगावच्या उपाहारगृहांत जात, मालकाला आणि नोकरांना तळून खाऊ घालत आणि पसंत पडले तर हस्तांदोलनावर करार करत. रात्री पुष्कळदा गाडीतच झोपत.

गुपित कशासाठी होते?

करार असा, की विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कोंबडीमागे ४ सेंट, पुढे ५ सेंट सँडर्स यांना द्यायचे. पण हजार मैलांवरच्या हॉटेलात किती कोंबड्या तळल्या, हे कोण मोजणार? आणि मसाला एकदा कळला की पैसे कोण देणार? म्हणून मसाला तयार पाकिटातच जाई. दुसऱ्या पत्नी क्लॉडिया घरी मसाला मिसळत, पाकिटे भरत आणि रवाना करत. पाकीट घेतल्याशिवाय ते चिकन करता येणार नाही, ही धंद्याची कडी होती. आज ज्याला आपण ब्रँडचे रहस्य म्हणतो, ते मुळात एका म्हाताऱ्या जोडप्याचे वसुलीचे साधन होते.

दाबाखाली चिकन तळण्याच्या पद्धतीचे पेटंट सँडर्स यांनी १९६०च्या दशकात घेतले, मसाल्याचे कधीच घेतले नाही. पेटंट घ्यायचे तर कृती उघड लिहून द्यावी लागते आणि ठरावीक वर्षांनी ती सर्वांसाठी खुली होते. त्या पेटंटची मुदत केव्हाच संपली. न लिहिलेल्या गुपिताला मुदत नसते. कंपनीने पुढे हीच रीत आणखी घट्ट केली. मसाल्याचा एक भाग एका पुरवठादाराकडे तर दुसरा भाग दुसऱ्याकडे तयार होतो, आणि मूळ कागद लुइव्हिलच्या मुख्यालयातील तिजोरीत ठेवला गेला. २००८ मध्ये तिजोरी बदलायची म्हणून तो चिलखती गाडीतून हलवला गेला. त्यात सुरक्षा किती आणि जाहिरात किती, हे वाचकांनी ठरवावे.

गुपित विकल्यावर मालकाचे काय झाले?

१९६४ पर्यंत सहाशेहून अधिक ठिकाणी त्यांचे चिकन मिळू लागले होते. त्र्याहत्तर वर्षांच्या सँडर्स यांनी कंपनी २० लाख डॉलरना विकली. घेणाऱ्यांत पुढे केंटकीचे गव्हर्नर झालेले जॉन ब्राउन होते, तेव्हा अवघे तिशीतले. सँडर्स यांना आयुष्यभर पगार मिळणार होता. बदल्यात पांढरा सूट, काळी फीत आणि पांढरी केलेली दाढी घेऊन कंपनीचा चेहरा म्हणून फिरायचे. कॅनडातले हक्क त्यांनी आपल्याकडे ठेवले आणि काही वर्षे तिकडे राहायलाही गेले. १९७१ मध्ये ह्युब्लाइन या मद्यविक्री करणाऱ्या कंपनीने केएफसी २८.५ कोटी डॉलरना घेतली. सात वर्षांत भाव शंभर पटींहून अधिक वाढला होता, पण सँडर्स यांचा राग पैशांवरून नव्हता.

राग होता तो रश्श्यावरून. चिकनबरोबर द्यायचा त्यांचा घट्ट रस्सा करायला वेळ लागे. नव्या मालकांनी तो सोपा आणि स्वस्त केला. सँडर्स कंपनीच्याच दुकानात शिरत, चमचा तोंडाला लावत आणि सगळ्यांदेखत शिव्या घालत. हा रस्सा म्हणजे भिंतीला कागद चिकटवायची खळ आहे, असे त्यांनी वर्तमानपत्रातही सांगितले. एका शाखाचालक कंपनीने त्यांच्यावर बदनामीचा दावा लावला. टीका कोणत्याही एका दुकानाचे नाव घेऊन केलेली नाही, म्हणून १९७८ मध्ये केंटकीच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. त्याआधी पत्नीच्या नावाने शेल्बीव्हिल येथे काढलेल्या उपाहारगृहावरून त्यांचे ह्युब्लाइनशी कोर्टात भांडण झाले होते. ज्या माणसाने नाव, चेहरा आणि कृती विकली, त्याला स्वतःच्या घरचे जेवण स्वतःच्या पदवीनिशी विकता येईल का, हा त्यातला प्रश्न. तडजोड झाली, क्लॉडिया यांच्या नावाचे उपाहारगृह चालू राहिले.

१६ डिसेंबर १९८० रोजी नव्वदाव्या वर्षी न्यूमोनियाने सँडर्स यांचे निधन झाले. लुइव्हिलच्या केव्ह हिल दफनभूमीत त्यांना त्याच पांढऱ्या सुटात पुरले.

अकरा मसाले खरेच कळले का?

विल्यम पाउंडस्टोन या लेखकाने १९८३च्या पुस्तकात प्रयोगशाळेचा निष्कर्ष दिला. नमुन्यात सापडले ते पीठ, मीठ, काळी मिरी आणि अजिनोमोटो, बस्स. २०१६ मध्ये शिकागो ट्रिब्यूनच्या बातमीदाराला क्लॉडिया यांच्या भाच्याने कुटुंबाची चिकटवही दाखवली. त्यात क्लॉडिया यांच्या मृत्युपत्राच्या पाठीमागे हाताने लिहिलेली यादी होती. दोन कप मैद्याला मीठ दोन तृतीयांश चमचा, थाइम आणि बेसिल अर्धा-अर्धा, ओरेगानो एक तृतीयांश, सेलरी मीठ, काळी मिरी, मोहरीपूड आणि सुंठ एकेक, लसूण मीठ दोन, पांढरी मिरी तीन आणि पाप्रिका चार चमचे. वृत्तपत्राने हे मोठे चमचे धरून चिकन करून पाहिले. चव जवळ आली, आणि वर अजिनोमोटो टाकल्यावर फरक कळेना. कंपनीने ही यादी खरी असल्याचे मान्य केले नाही.

बेरीज केली तर मसाला होतो बरोबर पंधरा चमचे आणि मैदा बत्तीस. मसाल्याच्या पंधरात चार चमचे मिरीच आहे. अजिनोमोटो यादीत नाही, पण भारतात ते आधीच गाजले होते. १९९५ मध्ये केएफसीचे देशातले पहिले दुकान बेंगळूरुत उघडले, तेव्हा प्रा. नंजुंडस्वामींच्या रयत संघाने विरोध केला आणि महापालिकेने अजिनोमोटो मर्यादेपेक्षा जास्त असल्याचे सांगून परवाना रद्द केला होता. दुकान न्यायालयाच्या आदेशाने पुन्हा सुरू झाले.

मालवणी स्वयंपाकघरात हे कसे जमवावे?

यादीतले परके वाटणारे बरेचसे घरातच आहे. पाप्रिका रंगासाठी असते. ते काम बेडगी करते, पण ती थोडी तिखट असल्याने चाराऐवजी दोन-अडीच चमचे पुरे. थाइमचा मुख्य वास ज्या द्रव्याचा, तेच ओव्यात भरपूर असते. म्हणून थाइम आणि ओरेगानो दोन्हींच्या जागी चिमूटभर ओवा कुटून घालावा, जास्त नको. सेलरी मिठाऐवजी अजमोदा आणि मीठ. बेसिल म्हणजे ज्याचे बी आपण सब्जा म्हणून सरबतात घालतो त्या झाडाची पाने. पांढरी मिरी मात्र विकत आणावी लागेल, किंवा बागेतल्या वेलीची पिकलेली मिरी भिजवून साल चोळून काढावी. तिला पर्याय नाही आणि ती वगळली तर चव फसते.

कोंबडी गावठी नको. तिचे मांस वाटपात तासभर रटरटण्यासाठी आणि वड्यांबरोबर खाण्यासाठी. तळून ती चिवटच राहते. ब्रॉयलर घ्या आणि दुकानदाराला कातडीसकट तुकडे करायला सांगा, नाहीतर तो सवयीने सोलून देईल. तुकडे ताक आणि अंड्यात अर्धा तास मुरवून, मसाल्याच्या मैद्यात घोळवून, थोडा वेळ तसेच ठेवावेत म्हणजे वरचे आवरण सुटत नाही. मग मध्यम आचेवर पंधरा-अठरा मिनिटे तळावेत.

यासाठी घरचा शिट्टीचा कुकर कधीही वापरू नये. तो पाण्याच्या वाफेसाठी बनवलेला असतो. दाबाखालच्या तापलेल्या तेलाने रबर आणि झडप निकामी होऊन भांडे फुटू शकते. सँडर्स यांच्या काळातही असे अपघात झाले आणि म्हणूनच पुढे खास तळणयंत्रे आली. घरी जाड लोखंडी कढई घ्या, तुकडे दोन्हीकडून तांबूस झाले की आच कमी करून झाकण ठेवा आणि शेवटची काही मिनिटे झाकण काढा. सँडर्स कॉर्बिनला कुकर येण्याआधी असेच झाकण ठेवून तळत, आणि गिऱ्हाइकाला अर्धा तास थांबवत.