जेम्स रेनेल

जेम्स रेनेल (३ डिसेंबर १७४२ – २९ मार्च १८३०) हे इंग्लिश नौसैनिक, भूमापक, नकाशाकार आणि भूगोलज्ञ होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत असताना त्यांनी गंगा, ब्रह्मपुत्रा, मेघना आणि त्यांच्या असंख्य फाट्यांची मोजणी केली. बंगालमधील जलमार्गांचे पहिले पद्धतशीर नकाशे त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाले. 'बेंगॉल ॲटलस' हा त्यांचा नकाशासंग्रह आणि गंगा-ब्रह्मपुत्रेवरील १७८१ सालचा शोधनिबंध हे नदीवरील नौकानयनाच्या अभ्यासातील पायाभूत ग्रंथ मानले जातात. बंगालचे पहिले महासर्वेक्षक म्हणूनही ते ओळखले जातात. पुढील आयुष्यात त्यांनी सागरी प्रवाहांचा अभ्यास केला, त्यामुळे सागरविज्ञानाच्या आद्य अभ्यासकांतही त्यांची गणना होते.

सुरुवातीचे जीवन

रेनेल यांचा जन्म इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील चडली या गावाजवळ झाला. त्यांचे वडील तोफखान्यात अधिकारी होते. रेनेल लहान असतानाच युद्धात वडिलांचा मृत्यू झाला. त्यानंतर चडलीचे धर्मोपदेशक गिल्बर्ट बरिंग्टन यांच्या घरी त्यांचे पालनपोषण झाले. १७५६ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, ते ब्रिटिश नौदलात उमेदवार म्हणून दाखल झाले.

इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात तेव्हा सप्तवार्षिक युद्ध सुरू होते. या काळात रेनेल यांनी जहाजावरील नेहमीच्या कामांबरोबर किनाऱ्याची मोजणी, पाण्याची खोली घेणे आणि बंदराचा आराखडा काढणे ही कामे शिकून घेतली. १७६० मध्ये ते हिंदी महासागरातील ब्रिटिश आरमारात आले आणि पाँडिचेरीच्या वेढ्याच्या काळात तेथे होते. पुढे भूगोलज्ञ अलेक्झांडर डॅलरिंपल यांच्यासोबत त्यांनी पूर्वेकडील बेटांचा प्रवास केला. या प्रवासात त्यांना बंदरे आणि सामुद्रधुन्या यांचे नकाशे काढण्याचा अनुभव मिळाला.

सप्तवार्षिक युद्ध संपल्यावर नौदलात बढतीची आशा उरली नाही, म्हणून १७६३ मध्ये त्यांनी नौदल सोडून कंपनीच्या सागरी सेवेत प्रवेश केला. त्याच वर्षी मद्रासच्या किनाऱ्यावर आलेल्या वादळात त्यांच्या ताब्यातील जहाज नष्ट झाले. ते स्वतः त्या वेळी किनाऱ्यावर असल्याने बचावले. १७६४ मध्ये ते कलकत्त्यास आले. तेथे गव्हर्नर हेन्री व्हॅन्सिटार्ट यांनी एकवीस वर्षांच्या रेनेल यांची नद्यांच्या मोजणीच्या कामावर नेमणूक केली.

बंगालमधील जलमार्गांचा प्रश्न

अठराव्या शतकातील बंगालमध्ये पक्के रस्ते फार थोडे होते. धान्य, मीठ, कापड, रेशीम, सैन्य आणि खजिना यांची वाहतूक मुख्यतः नद्यांतूनच होत असे. रेनेल यांच्या अंदाजानुसार तीस हजार नावाड्यांचा चरितार्थ या वाहतुकीवर चालत होता.

कलकत्ता शहर हुगळी नदीवर आहे आणि हुगळीचा गंगेशी संबंध भागीरथी व जलंगी या फाट्यांमार्फत येतो. पावसाळ्यात या फाट्यांतून मोठ्या नावा सहज जात. पावसाळा संपला की भागीरथी जवळजवळ आटून जाई आणि ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत तिच्यातून वाहतूक होत नसे. जलंगीत बारमाही प्रवाह असला, तरी काही वर्षी उन्हाळ्याचे दोन-तीन महिने तीही नावांना निरुपयोगी ठरे. त्यामुळे वरच्या प्रांतांतील माल सुंदरबनातून मोठा वळसा घालून कलकत्त्यास आणावा लागत असे. हा मार्ग दोनशे मैलांहून अधिक लांब होता आणि त्याचा बराच भाग निर्मनुष्य जंगलातील खाड्यांमधून जात होता.

गंगेपासून समुद्राकडे जाणारा जवळचा आणि सुरक्षित जलमार्ग शोधणे, ही रेनेल यांच्यावर सोपवलेली पहिली कामगिरी होती. गंगेच्या दक्षिण तीरावरून फुटणारा प्रत्येक फाटा तपासणे त्यासाठी आवश्यक होते.

नद्यांची मोजणी

मे १७६४ मध्ये रेनेल यांनी कामास सुरुवात केली. होकायंत्राने दिशा, साखळीने किंवा चाकाच्या यंत्राने अंतर आणि सूर्य वा ताऱ्यांच्या वेधांवरून अक्षांश अशी त्यांची पद्धत होती. नदीच्या दोन्ही तीरांची वळणे, पात्राची रुंदी, पाण्याची खोली, वाळूचे पट्टे, फाट्यांची मुखे, तीरावरील गावे आणि बाजार यांची ते नोंद करीत. स्थानिक नावाड्यांखेरीज हे काम होणे शक्य नव्हते. कोणत्या फाट्यात कोणत्या महिन्यापर्यंत पाणी टिकते, हे एका फेरीत मोजून कळणारे नव्हते. ही माहिती त्या पाण्यावर वर्षानुवर्षे वावरणाऱ्यांकडेच होती.

गंगेच्या दक्षिणेकडील दुय्यम फाट्यांपैकी चंदना हाच फाटा वर्षभर नौकानयनास योग्य राहतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. गंगेच्या मुख्य प्रवाहाविषयीचे त्यांचे निरीक्षणही महत्त्वाचे आहे. समुद्रापासून पाचशे मैल आतसुद्धा, पाणी सर्वांत कमी असताना, गंगेची खोली सुमारे तीस फूट भरत असे. एवढे पाणी असूनही मोठी जहाजे मुख्य मुखातून आत येऊ शकत नसत. मुखाशी पात्र एकदम रुंदावते आणि प्रवाहाचा जोर ओसरतो. त्यामुळे दक्षिणेकडील जोरदार वाऱ्यांनी साचवलेले वाळू-चिखलाचे बांध वाहून नेण्याची शक्ती त्याच्यात उरत नाही, असे कारण त्यांनी दिले.

१७६५ मध्ये रेनेल ब्रह्मपुत्रेच्या मोजणीस निघाले. ही नदी गंगेपेक्षाही मोठी असल्याचे पाहून त्यांना आश्चर्य वाटले, कारण युरोपीय भूगोलज्ञांना तोवर तिच्याविषयी फारच थोडी माहिती होती. बंगालमध्ये ती पूर्वेकडून येते, यावरून तिबेटातील त्सांगपो आणि ब्रह्मपुत्रा ही एकच नदी असावी, असे अनुमान त्यांनी केले. पुढील शतकातील संशोधनाने ते खरे ठरले.

फेब्रुवारी १७६६ मध्ये भूतानच्या सीमेजवळ कूचबिहार भागात संन्याशांच्या एका सशस्त्र तुकडीशी झालेल्या चकमकीत रेनेल यांच्यावर तलवारीचे गंभीर वार झाले. जवळपास वैद्य नसल्याने उघड्या नावेतून सुमारे तीनशे मैलांचा प्रवास करून त्यांना ढाक्यास आणण्यात आले. वाटेत नावाड्यांनी जखमांवर कांद्याचे पोटीस बांधले. ते वाचले, परंतु या जखमांतून पूर्णपणे बरे कधीच झाले नाहीत.

१७६५ मध्ये बंगाल, बिहार आणि ओडिशाची दिवाणी कंपनीकडे आली आणि रॉबर्ट क्लाइव्ह यांना संपूर्ण प्रदेशाच्या नकाशाची गरज भासू लागली. १७६७ मध्ये रेनेल यांची बंगालचे महासर्वेक्षक म्हणून नेमणूक झाली. ढाका हे त्यांचे मुख्य ठिकाण होते. १७७२ मध्ये त्यांनी जेन थॅकरे यांच्याशी विवाह केला. कादंबरीकार विल्यम मेकपीस थॅकरे हे जेन यांच्या भावाचे नातू होत. खालावलेल्या प्रकृतीमुळे १७७७ मध्ये मेजर पदावर असताना रेनेल निवृत्त झाले आणि इंग्लंडला परतले.

नदीविषयक लेखन

'बेंगॉल ॲटलस' १७७९ मध्ये आणि त्याची सुधारित आवृत्ती १७८१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात बंगाल आणि बिहारच्या विभागवार नकाशांबरोबर नद्यांचे आणि अंतर्गत नौकानयनाचे नकाशे होते. १७८१ मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात गंगा आणि ब्रह्मपुत्रेवरील त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. नदीवर नाव चालवणाऱ्यास कोणकोणत्या गोष्टी ठाऊक असाव्या लागतात, याचे सुसंगत वर्णन या निबंधात आढळते.

उतार आणि वेग: सरळ रेषेत मोजल्यास गंगेच्या मैदानाचा उतार मैलाला सुमारे नऊ इंच भरतो, परंतु नदीच्या वळणांमुळे प्रत्यक्ष प्रवाहाचा उतार मैलाला चार इंचांहूनही कमी राहतो, असे त्यांनी दाखवले. कोरड्या महिन्यांत प्रवाहाचा वेग ताशी तीन मैलांपेक्षा कमी, तर पावसाळ्यात पाच ते सहा मैल असे. प्रतिकूल वाऱ्यातही एक नाव केवळ प्रवाहाच्या जोरावर आठ तासांत ५६ मैल वाहत गेल्याचे उदाहरण त्यांनी नोंदवले आहे. प्रवाहाविरुद्ध जाताना नावाडी तीरावरून दोराने नाव ओढत. अशा रीतीने दिवसाला सतरा ते वीस मैल अंतर कापले जाई.

पूर: पुराने पाण्याची पातळी जलंगीच्या मुखाजवळ सुमारे ३२ फूट, तर ढाक्याजवळ सुमारे १४ फूट वाढते आणि समुद्राजवळ ही वाढ जवळजवळ जाणवत नाही, असे त्यांनी नमूद केले. जुलैच्या अखेरीस नद्यांलगतचा सखल प्रदेश शंभर मैलांहून अधिक रुंदीपर्यंत जलमय होई. मग केवळ गावे आणि झाडेच पाण्यावर दिसत.

वादळे आणि भरतीची लाट: मार्च ते मे या काळात वायव्येकडून अचानक उठणारी वादळे पूर्वेकडील नद्यांवर अधिक वेळा येतात आणि बहुधा दिवस मावळताना येतात, असे त्यांनी लिहिले. व्यापारी नावांचे संपूर्ण तांडे अशा वादळांत क्षणार्धात बुडाल्याच्या घटना घडल्या होत्या. मोठ्या भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी भिंतीसारखे उभे राहून नदीत शिरते. त्यामुळे कलकत्त्याजवळ पाणी एकाएकी पाच फुटांनी वर चढे. मेघनेच्या मुखावरील बेटांदरम्यान या लाटेची उंची बारा फुटांहून अधिक असल्याचे सांगितले जाई. लाटेची चाहूल लागताच नावा तीर सोडून नदीच्या मध्यभागी जात, कारण तिचा तडाखा उथळ पाण्यात अधिक बसतो.

पात्रबदल: रेनेल यांच्या निबंधाचा हा सर्वांत महत्त्वाचा भाग मानला जातो. वळणाच्या बाहेरच्या बाजूस प्रवाह तीर कोरतो आणि आतल्या बाजूस वाळू टाकतो. त्यामुळे वळण वाढत जाते आणि शेवटी नदी ते तोडून नवा मार्ग धरते, हे त्यांनी सविस्तर मांडले. त्यांच्या बंगालमधील अकरा वर्षांच्या वास्तव्यात जलंगीचे मुख पाऊण मैल खाली सरकले. सुमारे नऊ वर्षांच्या अंतराने केलेल्या दोन मोजण्यांची तुलना केली असता, लगतच्या तीराचा दीड मैल रुंदीचा पट्टा नदीने गिळल्याचे दिसून आले. कोसी नदी पूर्वी पूर्णियाजवळून वाहत असावी, असेही त्यांनी जुन्या पात्रांच्या खुणांवरून अनुमानले. नदीचा नकाशा हा विशिष्ट वर्षाचाच नकाशा असतो, हे या मोजण्यांतून स्पष्ट झाले.

उत्तरायुष्य

१७८१ मध्ये रेनेल रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १७९१ मध्ये त्यांना सोसायटीचे कॉप्ली पदक मिळाले. १७८२ मध्ये त्यांनी भारताचा नकाशा आणि त्यानंतर त्याचे विवेचन करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. १७८८ मध्ये त्यांचा दुसरा, अधिक मोठा नकाशा आला. प्रत्यक्ष मोजणी न झालेल्या प्रदेशांसाठी त्यांना लष्करी मोहिमांच्या नोंदींवर आणि प्रवाशांच्या रोजनिशींवर अवलंबून राहावे लागले. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात काल्पीहून सुरतेस गेलेल्या जनरल गॉडर्ड यांच्या सैन्याच्या मार्गाचा त्यांनी मध्य भारतासाठी उपयोग केला. ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची रूपरेषाही दिली आहे.

आफ्रिकेविषयीच्या त्यांच्या कामात मात्र एक मोठी चूक झाली. मंगो पार्क यांच्या प्रवासवृत्तावरून १७९८ मध्ये काढलेल्या नकाशात त्यांनी पश्चिम आफ्रिकेत काँग नावाची सलग पर्वतरांग दाखवली. अशी रांग अस्तित्वात नसूनही पुढे जवळजवळ शतकभर ती अनेक नकाशांत छापली जात राहिली.

अखेरच्या दशकांत त्यांनी जहाजांच्या रोजनिशींमधून प्रवाह आणि वाऱ्यांच्या नोंदी एकत्र केल्या. इंग्लंडच्या नैर्ऋत्येस, सिली बेटांच्या पश्चिमेकडे जाणवणाऱ्या प्रवाहाला 'रेनेल प्रवाह' हे नाव त्यांच्यावरूनच पडले. अटलांटिक महासागराच्या प्रवाहांवरील त्यांचा ग्रंथ त्यांच्या कन्येने १८३२ मध्ये प्रसिद्ध केला. २९ मार्च १८३० रोजी लंडन येथे रेनेल यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्यांचे दफन करण्यात आले.

मूल्यमापन आणि वारसा

रेनेल यांच्या मोजणीचा पहिला लाभ कंपनीच्या महसुलाला, व्यापाराला आणि लष्कराला झाला. ॲटलसच्या शीर्षकातच युद्ध आणि व्यापार या दोन्हींचा उल्लेख आहे. नावाड्यांचे परंपरागत ज्ञान या नकाशांद्वारे प्रथमच राज्यकर्त्यांच्या हाती लिखित स्वरूपात आले. ज्या नावाड्यांच्या साहाय्याने हे काम झाले, त्यांची नावे मात्र नकाशांवर नाहीत.

ॲटलस प्रसिद्ध झाल्यानंतर काही वर्षांतच त्यातील नद्या बदलल्या. १७८७ च्या पुरात तिस्ता नदी गंगेकडे जाण्याचे सोडून ब्रह्मपुत्रेला मिळाली. त्यानंतरच्या दशकांत ब्रह्मपुत्रेचा मुख्य प्रवाह मधुपूरच्या पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकला आणि आजची जमुना नदी निर्माण झाली. मैमनसिंहजवळून जाणारे मूळ पात्र आता 'जुनी ब्रह्मपुत्रा' म्हणून ओळखले जाते. रेनेल यांच्या काळात गंगा आणि मेघना समुद्राजवळ वेगवेगळ्या वाहत होत्या, पुढे त्या एकत्र आल्या.

या बदलांमुळे ॲटलस नावाड्यांना मार्गदर्शक म्हणून लवकरच कालबाह्य झाला, परंतु त्याचे शास्त्रीय मूल्य वाढले. पात्रबदलापूर्वीची स्थिती दाखवणारा तेवढा तपशीलवार दुसरा पुरावा उपलब्ध नाही. जेम्स फर्ग्युसन यांनी १८६३ मध्ये गंगेच्या त्रिभुज प्रदेशावरील आपल्या अभ्यासात या नकाशांचा आधार घेतला. आजही भूरूपशास्त्रज्ञ तुलनेसाठी त्यांचा उपयोग करतात.

हल्दिया ते प्रयागराज हा सुमारे १,६२० किलोमीटरचा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १ भागीरथी-हुगळी आणि गंगा याच नद्यांवरून जातो. १९८६ मध्ये स्थापन झालेले भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरण या मार्गावरील पाण्याची खोली वारंवार मोजून तिची माहिती जहाजचालकांसाठी प्रसिद्ध करते. नदीचा तळ आणि पात्र सतत बदलत असल्याने ही मोजणी पुन्हा पुन्हा करावी लागते.