नवव्या मजल्यावरचा मालक

लास व्हेगासच्या प्रमुख रस्त्यावरील हॉटेले भाजीबाजारातील जुड्यांप्रमाणे एकामागून एक विकत घेणारा हॉवर्ड ह्यूज त्यांच्या जुगारदालनांत मालक म्हणून एकदाही उतरला नाही. चार वर्षे तो ‘डेझर्ट इन’ या हॉटेलच्या नवव्या मजल्यावर, खिडक्यांवर जाड पडदे ओढून, अंधाऱ्या खोलीत पडून राहिला. खाली फाशांचा खणखणाट चाले, चक्रे फिरत, नोटांची मोजदाद होई. त्याचा आवाजही वर पोहोचत नसे. तरीही या जुगारनगरीचा कायापालट ज्यांच्यामुळे झाला, त्यांत ह्यूजचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. अमेरिकेतील अतिश्रीमंतांच्या चरित्रांत इतके चमत्कारिक आणि करुण चरित्र दुसरे क्वचितच सापडेल.

ह्यूजचा जन्म २४ डिसेंबर १९०५ रोजी टेक्सासमध्ये झाला. वडिलांनी तेलविहिरी खोदण्यासाठी कठीण खडक भेदणारे फिरते पाते तयार केले आणि १९०९ मध्ये त्याचे पेटंट मिळविले. हे पाते ते विकत नसत, भाड्याने देत. तेल कोणालाही लागो अथवा न लागो, भाडे मात्र येतच राही. पुढे ज्या धंद्यात ह्यूज शिरला त्याचेही गणित याहून फार वेगळे नव्हते. आई १९२२ मध्ये आणि वडील १९२४ मध्ये वारले. अठराव्या वर्षी पोरका झालेल्या या मुलाने न्यायालयाकडून स्वतःला सज्ञान ठरवून घेतले आणि नातलगांचे हिस्से विकत घेऊन कंपनी एकट्याच्या ताब्यात ठेवली. भागीदार नको, ही त्याची वृत्ती तेव्हापासूनची.

त्यानंतरची वीस वर्षे विलक्षण तेजाची होती. हॉलिवूडमध्ये जाऊन त्याने ‘हेल्स एंजल्स’ (१९३०) हा विमानयुद्धावरील प्रचंड खर्चाचा चित्रपट काढला, ‘स्कारफेस’ (१९३२) या गुन्हेगारी चित्रपटाची निर्मिती केली. विमानांचे वेड तर त्याहून मोठे. सप्टेंबर १९३५ मध्ये स्वतः बांधवून घेतलेल्या विमानातून त्याने ताशी सुमारे ५६७ किलोमीटर वेगाचा विक्रम केला आणि जुलै १९३८ मध्ये अवघ्या ९१ तासांत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर त्याची मिरवणूक निघाली, तेव्हा लाखोंच्या गर्दीपुढे हात हलविणाऱ्या या उंच, देखण्या तरुणाला पुढे माणसाचे तोंड पाहणेही नकोसे होईल, असे कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

७ जुलै १९४६ रोजी चाचणीसाठी उडविलेले विमान बेव्हर्ली हिल्समधील घरांवर कोसळले. ह्यूज वाचला, पण छाती चेचली गेली, अंग भाजले आणि वेदनाशामक औषधांची जी सवय लागली ती मरेपर्यंत सुटली नाही. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९४७ मध्ये, त्याचे प्रचंड लाकडी जलविमान पाण्यावरून जेमतेम मैलभर उडाले आणि पुन्हा कधीच उडाले नाही. जंतूंची भीती त्याला लहानपणापासून होती. आता ती आजाराच्या रूपाने वाढत गेली. वस्तू कागदी रुमालाने धरायची, सेवकांनी डबा कसा उघडायचा याच्या लेखी सूचना द्यायच्या, भेटीगाठी बंद करायच्या, असा क्रम सुरू झाला. आज यावर उपचार झाले असते. ह्यूजच्या बाबतीत मात्र पैसाच उपचारांच्या आड आला. पगारी माणसांपैकी त्याला नाही म्हणणारे कोणी नव्हते.

मे १९६६ मध्ये ‘टीडब्ल्यूए’ या विमान कंपनीतील आपले सर्व समभाग विकून त्याने सुमारे ५४ कोटी ६० लाख डॉलर मिळविले. एवढी रोकड नुसती व्याजावर ठेवणे करांच्या दृष्टीने अडचणीचे होते. चालता धंदा हवा होता. नेवाडा राज्यात करांचे ओझेही कमी होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये एका खासगी रेल्वेगाडीने तो रात्रीच्या अंधारात लास व्हेगासला आला. त्याला स्ट्रेचरवरून हॉटेलात नेण्यात आले.

त्या वेळचे लास व्हेगास कोणाच्या मुठीत होते, हे ठाऊक असल्याशिवाय पुढचा प्रसंग कळणार नाही. नेवाडाने १९३१ मध्ये जुगाराला कायद्याची मान्यता दिली. मात्र प्रतिष्ठित बँका या धंद्याला कर्ज देण्यास कचरत. भांडवल आले ते गुन्हेगारी टोळ्यांकडून आणि पुढे मालमोटार चालकांच्या संघटनेच्या निवृत्तिवेतन निधीतून. डिसेंबर १९४६ मध्ये ‘फ्लेमिंगो’ सुरू करणारा बग्सी सीगल सहा महिन्यांत गोळ्या घालून मारला गेला. हॉटेलाचा कागदोपत्री मालक एक आणि खरा मालक दुसराच, ही तेथील रीत होती. नोटा मोजण्याच्या खोलीतून हिशेबात येण्याआधीच काही रोकड बाजूला काढली जाई आणि ती दूरच्या शहरांतील टोळीप्रमुखांकडे पोहोचे.

ह्यूजने ‘डेझर्ट इन’चे वरचे दोन मजले अडवून ठेवले. त्याच्या माणसांपैकी कोणी जुगार खेळत नसे आणि मोठ्या जुगाऱ्यांसाठी राखलेल्या खोल्या अडकून पडल्या होत्या. नववर्षाच्या गर्दीसाठी खोल्या रिकाम्या कराव्यात, असा तगादा मो डॅलिट्झ आणि त्याच्या भागीदारांनी लावला. ह्यूजने हॉटेल सोडण्याऐवजी विकत घेतले. मार्च १९६७ च्या अखेरीस सुमारे १ कोटी ३२ लाख डॉलरना सौदा पुरा झाला. त्यानंतर ‘सँड्स’, ‘कास्टवेज’, ‘फ्रंटियर’, ‘सिल्व्हर स्लिपर’, ‘लँडमार्क’ अशी रांगच लागली. रात्रभर जागणाऱ्या ह्यूजला उत्तररात्री चित्रपट हवे असत. स्थानिक दूरचित्रवाणी केंद्र तेवढ्यासाठी विकत घेण्यात आले. ‘स्टारडस्ट’ घेण्याचा बेत मात्र १९६८ मध्ये फसला. एकाच माणसाच्या हाती इतका धंदा जाऊ नये, अशी भूमिका केंद्र सरकारच्या न्याय खात्याने घेतली.

परवाना मिळविण्यासाठी प्रत्येक मालकाने स्वतः चौकशीला सामोरे जावे, असा राज्याचा नियम होता. ह्यूज कोणापुढेही येणार नव्हता. गव्हर्नर पॉल लॅक्सॉल्ट यांना टोळ्यांच्या बदनामीतून राज्य बाहेर काढायचे होते आणि ह्यूजने वैद्यकीय महाविद्यालयासाठी देणगीचे आश्वासन दिले होते. परवाना तोंड न दाखवता मिळाला. कायद्यापुढे सारे समान, हे तत्त्व त्या दिवशी वाळवंटात थोडे झाकोळले, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र एवढा मोठा उद्योगपती येथे पैसा गुंतवितो म्हटल्यावर बँकांचीही भीड चेपली. १९६७ आणि १९६९ मध्ये कायदा बदलला. प्रत्येक भागधारकाची वेगळी तपासणी करण्याची अट सैल झाली आणि शेअर बाजारातील कंपन्यांना जुगारगृहांची मालकी घेता येऊ लागली. आजची हजारो खोल्यांची हॉटेले त्या वाटेने उभी राहिली. टोळ्या लगेच नाहीशा झाल्या असे मात्र नव्हे. सत्तरच्या दशकातही रोकड चोरण्याची प्रकरणे उघड झाली.

कारभार चाले तो पिवळ्या कागदांवर लिहिलेल्या चिठ्ठ्यांतून आणि दूरध्वनीवरून. रॉबर्ट मॅह्यू हा त्याचा नेवाडातील मुख्य अधिकारी. पण मालकाची आणि त्याची समोरासमोर भेट कधीच झाली नाही. एप्रिल १९६८ मध्ये जवळच्या वाळवंटात होणारी भूमिगत अणुचाचणी थांबवावी म्हणून ह्यूजने थेट राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्यापर्यंत धाव घेतली. चाचणी झालीच. किरणोत्साराची त्याची भीती केवळ वेडगळ नव्हती, हे मात्र नंतरच्या काळाने दाखवून दिले. धंद्याची तऱ्हा निराळीच होती. ‘सँड्स’मध्ये फ्रँक सिनात्राची उधारी बंद झाली आणि तो गायक रागाने ‘सीझर्स पॅलेस’कडे निघून गेला. ‘लँडमार्क’च्या उद्‌घाटनाला कोणाला बोलवावे, याचा घोळ अगदी शेवटच्या घटकेपर्यंत चालला. १ जुलै १९६९ रोजी ते उघडले आणि दुसऱ्याच दिवशी समोर कर्क कर्कोरियनचे १,५०० हून अधिक खोल्यांचे ‘इंटरनॅशनल’ सुरू झाले. जुगारात घरधन्याचे कधी नुकसान होत नाही, असे म्हणतात. ह्यूजने तेही करून दाखविले. त्याचा नेवाडातील व्यवहार एकूण तोट्यातच राहिला.

घरधन्याचा हा नफा नशिबावर नव्हे, अंकगणितावर चालतो. अमेरिकी पद्धतीच्या रुलेट चक्रात ३८ घरे असतात, परंतु एका आकड्यावर जिंकणाऱ्याला ३५ पट रक्कमच वर मिळते. म्हणजे लावलेल्या प्रत्येक १०० डॉलरमागे सरासरी सव्वापाच डॉलर घराचे. आपल्याकडच्या मटक्याचा हिशेब याहून कठोर आहे. दहा आकड्यांपैकी एक लागला, तर रुपयाला नऊ रुपये, हा त्याचा रूढ दर. म्हणजे शंभरामागे दहा रुपये अड्ड्याचे. ह्यूजच्या झुंबरांखाली बसलेल्या लक्षाधीशापेक्षा चहाच्या टपरीमागे चिठ्ठी लावणारा कामगार जवळजवळ दुप्पट कर भरतो. पूर्वी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या आणि बंद भावांवर मुंबईत पैजा लागत. ते भाव येणे १९६१ मध्ये थांबले, तेव्हा कल्याणजी भगत आणि पाठोपाठ रतन खत्री यांनी मटका रुजविला. भिवंडी आणि तिला खेटून असलेल्या शेलारसारख्या गावांत, जिथे यंत्रमागांच्या खडखडाटात सूत आणि कापड हाच जगण्याचा आधार, तेथील माणसाला आकड्याची ही कापसाशी जोडलेली नाळ ठाऊक असावी असे वाटते.

जुगार चोरून चालण्यापेक्षा परवान्याखाली आणावा आणि त्यातून करही मिळवावा, हा विचार महाराष्ट्रानेही केला होता. राज्याचा कॅसिनो नियंत्रण व कर कायदा १९७६ मध्ये संमत झाला. तो अमलात आणण्याची अधिसूचना मात्र निघालीच नाही. तब्बल ४७ वर्षे कागदावर राहिलेला हा कायदा २०२३ मध्ये विधिमंडळाने रद्द केला. शेजारच्या गोव्याने वेगळी वाट धरली. १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील जुगाराला आणि पुढे नौकांवरील कॅसिनोंना तेथे मुभा मिळाली.

महाराष्ट्राने तो कायदा केला, त्याच वर्षी ह्यूजचा अंत झाला. नोव्हेंबर १९७० मध्ये, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी, त्याला ‘डेझर्ट इन’च्या आपत्कालीन जिन्याने गुपचूप खाली उतरविण्यात आले आणि बहामा बेटांकडे नेण्यात आले. मॅह्यूला काही दिवसांतच काढून टाकण्यात आले. त्यानंतर व्हँकूव्हर, मानाग्वा, लंडन, अकापुल्को अशा शहरांत तो हॉटेलांच्या वरच्या मजल्यांवर, पडदे ओढलेल्या खोल्यांतच राहिला. डिसेंबर १९७२ च्या भूकंपाने मानाग्वा उद्ध्वस्त झाले, तेव्हा तेथूनही त्याला हलवावे लागले. ५ एप्रिल १९७६ रोजी अकापुल्कोहून ह्यूस्टनला नेताना विमानातच त्याचा मृत्यू झाला. मूत्रपिंडे निकामी झाली होती. सहा फुटांहून उंच माणसाचे वजन ४२ किलोच्या आसपास उरले होते. क्ष-किरण तपासणीत दंडांत सुयांचे तुटलेले तुकडे दिसले. ओळख पटविण्यासाठी बोटांचे ठसे घ्यावे लागले. अवतीभवती चोवीस तास पगारी सेवक असताना हे घडले, याचा उलगडा पुढच्या खटल्यांतूनही पुरता झाला नाही. खरे मृत्युपत्र सापडले नाही, खोटी मात्र बरीच निघाली; अखेर संपत्ती चुलत-मावस भावंडांत वाटली गेली.

त्याने लास व्हेगासमध्ये घेतलेल्या सहा जुगारगृहांपैकी आज एकही उभे नाही. ‘कास्टवेज’च्या जागी १९८९ मध्ये ‘मिराज’ आले आणि तेही २०२४ मध्ये बंद झाले. ‘लँडमार्क’ १९९५ मध्ये, ‘सँड्स’ १९९६ मध्ये सुरुंग लावून पाडले. ‘सँड्स’च्या जागेवर ‘व्हेनेशियन’ झाले. ‘डेझर्ट इन’ची इमारत २००१ मध्ये कोसळविण्यास सुरुवात झाली आणि २००५ मध्ये तेथे ‘विन’ उघडले. ‘फ्रंटियर’ २००७ मध्ये गेले. पण पन्नासच्या दशकात शहराच्या पश्चिमेला त्याने सुमारे २५ हजार एकर ओसाड जमीन घेऊन ठेवली होती. त्या जमिनीवर नव्वदच्या दशकापासून वसाहत उभी राहिली, शाळा झाल्या, बागा झाल्या, लाखभर माणसे राहू लागली. वसाहतीला ह्यूजच्या आजीचे माहेरचे नाव देण्यात आले: समरलिन.