पंढरीच्या वाटेवरचं अरण आणि पंढरीला न गेलेले सावतोबा

आषाढी एकादशीला राज्यभरातल्या संतांच्या पालख्या पंढरपुरात येतात. आळंदीहून माउलींची, देहूहून तुकोबांची, तशाच पैठण, त्र्यंबकेश्वर, मुक्ताईनगरहूनही येतात. माढा तालुक्यातलं अरण गाव पंढरपूरपासून काही फार लांब नाही, पण तिथून सावता महाराजांची पालखी वारीला निघत नाही. उलट आषाढी उरकली की वद्य पक्षात पांडुरंगाचीच पालखी पंढरपूरहून अरणला येते. भक्ताच्या गावाला देवानं यायचं, अशी ही रीत. ती का पडली हे समजून घ्यायचं तर सावतोबांच्या मळ्यात जावं लागतं.

सावता माळी यांचा जन्म १२५० सालचा मानतात. तेव्हा देवगिरीला यादवांचं राज्य होतं. ज्ञानेश्वर आणि नामदेव या दोघांपेक्षाही ते वयानं मोठे. घराणं मूळचं औसे गावचं. आजोबा देवू माळी अरणला येऊन स्थायिक झाले. ते पंढरीचे वारकरी. वडील पुरसोबा शेती सांभाळून भजन करायचे, वारीही चुकवत नसत. आई नांगिताबाई. म्हणजे विठ्ठलाचं नाव घरात आधीपासूनच होतं, सावतोबांना ते बाहेर शोधायला जावं लागलं नाही. पुढं शेजारच्या भेंड गावच्या जनाबाईंशी त्यांचं लग्न झालं. विठ्ठल आणि नागाताई अशी दोन मुलं झाली. मळा, बैल, बायको, मुलं, पाहुणेरावळे, सगळा चारचौघांसारखा प्रपंच.

आजोबा वारकरी, बाप वारकरी, आणि हा गडी मात्र पंढरीला गेला नाही, असं परंपरा सांगते. गावकऱ्यांनी काय बोल लावले असतील याचा अंदाज कुणालाही येईल. पण ज्यानं बागायत केली आहे त्याला यातली अडचणही लगेच कळते. भाजीपाला दोन दिवस थांबत नाही. त्या काळात विहिरीचं पाणी मोटेनं वर यायचं. कातड्याची मोट, तिला बांधलेला जाड नाडा, खाली सोंदूर, उतरत्या धावेवर बैलजोडी. बैल धावेवरून खाली हाकायचे की मोट वर येऊन थारोळ्यात ओतणार, मग बैल मागं सरकवायचे की मोट पुन्हा विहिरीत. दिवसभर हेच. दुसरा माणूस दारं धरणार. एक वाफा भरला की दारं मोडून पाणी पुढच्या वाफ्यात. तिथं मन जरा इकडंतिकडं गेलं की वाफा फुटतो आणि रोपं वाहून जातात. आता ठिबक आलं, मोटारी आल्या, तरी रात्रीच्या लाइटीला पाणी धरणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

असं काम करताना देवाकडं लक्ष कसं ठेवायचं? बहुतेकांची वाटणी ठरलेली असते. सकाळ-संध्याकाळ देवाची, मधला दिवस पोटाचा. सावतोबांनी ही वाटणीच मोडली. त्यांच्या अभंगात वाफ्यातली भाजी विठाई होते, मोट-नाडा-विहीर यांतच त्यांना पंढरी दिसते. शब्द सगळे मळ्यातले, मोठा ग्रंथी शब्द त्यात शोधावा लागतो. (सर्वांच्या तोंडी असलेल्या त्या अभंगात मिरचीही येते. मिरची या देशात पोर्तुगीज आल्यावर, म्हणजे सावतोबांनंतर दोन-अडीचशे वर्षांनी आली. तेव्हा हा शब्द पुढच्या गाणाऱ्यांच्या तोंडून आत शिरला असावा. अभंग पिढ्यानपिढ्या शेतात गायला गेला, याचाच तो पुरावा.)

याचा अर्थ काम केलं की झाली भक्ती, देवाचं नाव नको, असा काही लोक लावतात. तो चुकीचा आहे. सावतोबांचा सगळा भर नामावरच होता. योग, याग, व्रत, तीर्थ यांच्या मागं धावायची गरज नाही, नाम घ्यावं, ते कामात घेता येतं, एवढंच त्यांचं म्हणणं. आणि त्यात एक गोष्ट फार धारदार आहे. आपण हलक्या समजल्या जाणाऱ्या जातीत जन्मलो हे बरंच झालं, नाहीतर स्नानसंध्येच्या कर्मकांडातच अडकून पडलो असतो, या अर्थाचा त्यांचा एक अभंग आहे. लोक म्हणतात प्रपंचामुळं देवाकडं लक्ष लागत नाही. सावतोबांना मोठा अडथळा वाटला तो मोठेपणाचा आणि सोवळ्याओवळ्याचा. बाराव्या-तेराव्या शतकात वेद-पूजेचा अधिकार जिथं जातीवर ठरत होता, तिथं माळ्यानं हे म्हणणं साधी गोष्ट नव्हती.

पण त्यांचं सगळं सहज जमलं असंही नाही. एक प्रसंग आजही कीर्तनात सांगतात. सावतोबा भजनात रंगलेले होते आणि त्यांच्या सासुरवाडीची माणसं घरी आली. यांचं लक्षच गेलं नाही. पाणी नाही, विचारपूस नाही. जनाबाई चिडल्या. माहेरची माणसं दारात आल्यावर नवऱ्यानं मान वर करून बघू नये, हे कुठल्या बाईला सहन होईल? पुढं सावतोबांनी गोड शब्दांत त्यांची समजूत घातली आणि त्यांचा राग गेला, असं कीर्तनकार सांगतात आणि पुढच्या कथेकडं वळतात. खरं तर इथं जरा थांबायला हवं. वाफ्यातल्या भाजीत देव बघणाऱ्याला दारातल्या पाहुण्यात तो त्या दिवशी दिसला नाही. चूक झाली होती आणि ती जनाबाईंनी दाखवून दिली, असं म्हणायला हरकत नसावी. चांगली गोष्ट ही की भक्तांनी हा प्रसंग झाकून ठेवला नाही.

दुसरी कथा जास्त प्रसिद्ध आहे. कूर्मदास नावाचा हातपाय नसलेला भक्त पैठणहून सरपटत पंढरीला निघाला आणि लऊळ गावापर्यंत आला. एकादशी तोंडावर आली, पुढं जाणं होईना. तेव्हा विठ्ठलच ज्ञानदेव-नामदेवांना बरोबर घेऊन त्याच्या भेटीला निघाला. वाटेत अरण लागलं. त्या दोघांना मागं ठेवून देव सावतोबांच्या मळ्यात आला आणि म्हणाला, माझ्यामागं चोर लागलेत, मला लपव. उघड्या रानात लपवणार कुठं? सावतोबांनी खुरप्यानं पोट चिरलं, देवाला आत घेतलं आणि वरून घोंगडी बांधली. इकडं नामदेव देव दिसेना म्हणून रडकुंडीला आले. त्यांची ती अवस्था बघून अखेर देव बाहेर आला. महिपतींनीही सावतोबांचं चरित्र लिहिलं आहे. कथा कथेच्या जागी. पण त्यात देव मळ्यावर येतो ती वेळ कामाची आहे आणि सावतोबांच्या हातात टाळ नाही, खुरपं आहे.

सावतोबा स्वतः अभंग लिहून ठेवत बसले नाहीत. ते काम काशिबा गुरव यांनी केलं. त्यांच्यामुळं जे टिकलं त्यातले जेमतेम ३७ अभंग आज मिळतात. तुकोबांच्या गाथेपुढं हा आकडा फारच लहान. मळ्यात किती गायलं गेलं आणि वाऱ्यावर गेलं, त्याचा हिशोब नाही.

१२९५ साली, आषाढ वद्य चतुर्दशीला सावतोबांनी अरणमध्येच देह ठेवला. वय अवघं ४५. पुढच्याच वर्षी ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली आणि त्याच वर्षी अल्लाउद्दीन खिलजीची फौज देवगिरीवर आली.

अरणला समाधीचं मंदिर आहे. पुण्यतिथीच्या सोहळ्याला पंचक्रोशीतली माणसं जमतात, त्यात शेतकरीच जास्त. दिवस खुरपणीचे असतात, पाऊस झाला असेल तर तण माजलेलं असतं, त्यामुळं बरेच जण सकाळचं रान उरकूनच येतात. पांडुरंगाची पालखी गावात येते, भजन होतं, श्रीफळ हंडी फुटते, नारळाचा प्रसाद हातात पडतो. तो पिशवीत टाकून माणसं परत रानाच्या वाटेला लागतात.