बास्केटबॉलमधला 'ट्रॅव्हलिंग' नियम आणला कुणी? वाचा नायस्मिथ यांची गोष्ट

हातात बॉल घेऊन खेळाडूने जास्त पावलं टाकली की रेफ्री शिट्टी वाजवतो. हा नियम जेम्स नायस्मिथ यांचा.

१८६१ मध्ये कॅनडात जन्मलेले नायस्मिथ नवव्या वर्षीच आई-वडिलांना पारखे झाले. १८९१ मध्ये ते अमेरिकेत स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीए संस्थेत शिकवत होते. हिवाळ्यातल्या जिमच्या कवायतींना मुलं वैतागली होती. आधीच्या दोन प्रशिक्षकांनी हात टेकले होते. नायस्मिथ यांना नवा खेळ शोधायला १४ दिवस मिळाले.

फुटबॉल जिममध्ये खेळवला तर हाडं मोडणार. मग त्यांनी उलटा विचार केला. बॉल घेऊन पळणाऱ्याला अडवण्यासाठीच पाडतात. पळणंच बंद केलं तर पाडायचं कशाला? त्यांच्या १३ नियमांतला तिसरा हाच : बॉल पकडला तिथूनच फेका. वेगात येणाऱ्याला मात्र थांबण्यापुरती सूट.

आजचा वाद याच सवलतीवर आहे. एनबीएमध्ये धावताना बॉल पूर्ण ताब्यात आल्यानंतरची दोनच पावलं चालतात. २००९ मध्ये हे नियमात स्पष्ट लिहिलं गेलं. बॉल ताब्यात घेतानाचं पाऊल मोजत नाहीत. म्हणून रिप्लेत तीन पावलं दिसली, तरी शिट्टी वाजेलच असं नाही. बॉल नेमका कधी ताब्यात आला, हे रेफ्रीला क्षणात ठरवावं लागतं.

नायस्मिथ यांनी १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये आपला खेळ पाहिला. १९३९ मध्ये त्यांचं निधन झालं. एनबीएची सुरुवात त्यानंतर ७ वर्षांनी झाली.