विश्लेषण : तिकीट काढून बाईचे गाणे? हिराबाई बडोदेकरांनी श्रोत्यांची सवय कशी बदलली?

शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलगी गाते, आई-बाबा मोबाइलवर व्हिडीओ काढतात आणि रात्री तो नातेवाइकांच्या ग्रुपवर जातो. बारामती-इंदापूरकडच्या शेळगावसारख्या गावातही यात आता कुणाला नवल वाटत नाही. शंभर वर्षांपूर्वी मात्र चारचौघांत गाणाऱ्या बाईकडे पाहण्याची नजर वेगळी होती. ती नजर बदलण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या किराणा घराण्याच्या गायिका हिराबाई बडोदेकर. भाषण नाही, आंदोलन नाही; केवळ गाण्यातून आणि मंचावर बसण्याच्या रीतीतून त्यांनी हे कसे साधले, याविषयी...

हिराबाई कोण होत्या?

हिराबाईंचा जन्म 1905 मधला, मिरजेचा. घरातले नाव चंपाकली. वडील उस्ताद अब्दुल करीम खाँ हे किराणा घराण्याचे थोर गायक, तर आई ताराबाई माने या बडोद्याच्या सरदार घराण्यातल्या. बडोद्याच्या दरबारात असताना खाँसाहेब आणि ताराबाई यांचे सूर जुळले आणि दोघांनी बडोदे सोडले. पुढे हा संसार मोडला. ताराबाई पाचही मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या आणि त्यांनी मुलांची नावे बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू झाले, सकीनाची सरस्वती झाली आणि चंपाकलीची हिराबाई. बडोद्याशी असलेले नाते ‘बडोदेकर’ या आडनावात राहिले.

वडिलांचे छत्र गेले तरी घरातले गाणे गेले नाही. हिराबाईंना थोरले बंधू सुरेशबाबूंकडून आणि किराणा घराण्याचेच उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडून तालीम मिळाली. एकेका सुरावर ठाण मांडून, घाई न करता राग उलगडत नेणारी ही गायकी. हिराबाईंच्या गोड आणि हळुवार आवाजाला ती चपखल बसली.

त्या काळी बाईचे गाणे कुठे चालायचे?

व्यवसाय म्हणून गाणाऱ्या स्त्रिया प्रामुख्याने कलावंतीण, नायकीण अशा समाजांतून येत. गाणे व्हायचे ते संस्थानिकांच्या दरबारात, धनिकाच्या वाड्यात किंवा गायिकेच्या घरच्या बैठकीत. समोर बसलेले बहुतेक सगळे पुरुष. गाता गाता हातवारे, नजर आणि मुद्रा यांतून भाव दाखवणे हा त्या पेशकारीचाच भाग होता.

पैसा येण्याची रीतही वेगळी होती. खूश झालेला श्रोता बैठकीतच पैसे देई, त्याला दौलतजादा म्हणत. ज्याचा हात सैल त्याची फर्माईश आधी. यातल्या कित्येक गायिकांची विद्या अस्सल होती. पण त्यांच्या विद्येपेक्षा त्यांच्या जगण्याचीच चर्चा अधिक होई. घरंदाज म्हणवणाऱ्या कुटुंबातली मुलगी गाणे शिकली, तरी चार भिंतींबाहेर गाण्याची तिला मुभा नसे. मराठी रंगभूमीवर सुभद्रा आणि रुक्मिणीसुद्धा पुरुषच रंगवत. बालगंधर्वांचा तो सुवर्णकाळ होता.

मग तिकिटाने नेमके काय बदलले?

1921 च्या सुमारास मुंबईत, पं. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परिषदेत हिराबाई पहिल्यांदा जाहीरपणे गायल्या. वय अवघे सोळा. पुढे त्यांनी नाट्यगृहांत तिकीट लावून जलसे सुरू केले. असे जाहीर जलसे करणाऱ्या पहिल्या गायिकांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते.

वरवर पाहता हा फक्त पैसे घेण्याच्या पद्धतीतला फरक. पण त्याने श्रोता आणि गायिका यांच्यातले नातेच बदलले. दौलतजादा हे मेहेरबानीचे दान, तर तिकीट हे ठरलेले मोल. ते दारातच चुकते होते, त्यामुळे मंचावरच्या गायिकेला कुणा एकाची मर्जी राखावी लागत नाही. पुढच्या रांगेतला शेठ आणि मागच्या बाकावरचा कारकून दोघेही तिकीटवालेच. नाट्यगृहात बायकांसाठी बसण्याची वेगळी सोय असे. त्यामुळे वाड्यातल्या बैठकीला जे कधीच येऊ शकले नसते, त्या लेकी-सुनांसह कुटुंबेच्या कुटुंबे गाण्याला येऊ लागली.

श्रोत्यांनी हे स्वीकारले कसे?

याचे उत्तर हिराबाईंच्या मंचावरच्या वावरात आहे. साधी साडी, अंगभर पदर, हाती तंबोरा, शांत बैठक. हातवारे नाहीत, तोंड वेडेवाकडे करणे नाही, कुणा एकावर नजर रोखणे नाही. भाव दाखवायचा तो फक्त सुरातून. बघण्यासारखे काही उरलेच नाही म्हटल्यावर श्रोत्यांना ऐकण्यावाचून पर्याय राहिला नाही. बाईचे गाणे म्हणजे काहीतरी चटकदार, या अपेक्षेने आलेल्यालाही समोर एखाद्या घरातली ताई किंवा मावशी बसावी तशी गायिका दिसे.

कार्यक्रमाची मांडणीही त्या विचारपूर्वक करत. आधी ख्याल, मग ठुमरी, नाट्यपद, भावगीत, भजन. जाणकारांना राग मिळे आणि पहिल्यांदाच आलेल्याला ओळखीचे पद. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावणाऱ्या त्यांच्या ध्वनिमुद्रिका घरोघरी वाजू लागल्या, तसा हा श्रोतावर्ग आणखी पसरला. रसिकांनी त्यांना ‘गानहिरा’ म्हणून गौरवले.

यात एक गुंतागुंतही आहे. हिराबाईंना मान मिळाला तो त्यांनी ‘घरंदाज’ वावर जपल्यामुळे. त्यांच्या आधीच्या, विद्येने कुठेही कमी नसलेल्या गायिकांना तो मान नाकारला गेला होता. म्हणजे समाज बदलला, पण स्वतःच्या अटींवर. त्या अटी पाळूनही हिराबाईंनी गाणे पातळ होऊ दिले नाही, हे त्यांचे मोठेपण.

दाद देण्याची पद्धत का महत्त्वाची?

आपल्याकडे दाद गाणे चालू असतानाच मिळते. सम अचूक आली की मान हलते, एखादी जागा सुंदर गेली की ‘वाहवा’ निघते. युरोपातल्या ऑपेरात गीत पूर्ण होईपर्यंत प्रेक्षागृह सहसा शांत राहते, टाळ्या नंतर. 1925 मध्ये फिलिपिन्सची गायिका होविता फुएन्तेस इटलीतल्या पियाचेंझा शहरात ‘मादामा बटरफ्लाय’ या ऑपेराची नायिका म्हणून उभी राहिली. तिच्यापुढे परक्या देशाचे, परक्या भाषेचे श्रोते होते. त्याच दशकात हिराबाई आपल्याच भाषेच्या श्रोत्यांसमोर होत्या; पण बाईला केवळ सुरासाठी दाद द्यायची, हे त्या श्रोत्यांनाही नवे होते.

नाटक कंपनीचे काय झाले?

1929 च्या सुमारास या भावंडांनी नूतन संगीत नाटक मंडळी काढली. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच करायच्या, हे या कंपनीचे वेगळेपण. हिराबाई आणि त्यांच्या बहिणी रंगमंचावर आल्या, ‘सौभद्र’सारखी संगीत नाटके झाली. पण वेळ प्रतिकूल होती. 1931 मध्ये ‘आलम आरा’ आणि 1932 मध्ये ‘अयोध्येचा राजा’ आल्यावर बोलपटांनी नाटकाचा प्रेक्षक ओढून नेला. काही वर्षांतच कंपनी बंद पडली आणि डोक्यावर कर्ज उरले. हिराबाईंनी हात झटकले नाहीत. गावोगावी जलसे करून त्यांनी ते कर्ज फेडले. त्यांच्या अखंड दौऱ्यांमागे कलेइतकीच ही जबाबदारीही होती.

पुढच्या पिढीला काय मिळाले?

धाकटी बहीण सरस्वती राणे यांच्यासह हिराबाईंनी जुगलबंदी गायली. दोन स्त्रियांनी मिळून ख्याल गाणे ही त्या काळी नवलाई होती. सरस्वतीबाई पुढे ‘रामराज्य’ (1943) चित्रपटातल्या गाण्यांमुळे देशभर पोहोचल्या. डॉ. प्रभा अत्रे यांना सुरेशबाबू आणि हिराबाई या दोघांचीही तालीम लाभली. हिराबाई 1949 मध्ये पूर्व आफ्रिकेत आणि 1953 मध्ये भारतीय शिष्टमंडळातून चीनमध्ये गायल्या. 1965 मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि 1970 मध्ये पद्मभूषण त्यांना मिळाले. 20 नोव्हेंबर 1989 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

आज गाण्याच्या क्लासला निघालेल्या मुलीला घरचे वेळेवर परत ये, एवढेच बजावतात. तू गाणारच कशाला, असे सहसा विचारत नाहीत. हा प्रश्न मागे पडला, त्यामागे तंबोरा घेऊन शांत बसलेल्या एका गायिकेची कित्येक वर्षांची मेहनत आहे.