फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाई व रोग्याची शुश्रूषा

घरांत कोणी आजारी पडलें म्हणजे आपल्या लोहाऱ्याकडील खेड्यांतून काय होतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. खोलीचीं दारें-खिडक्या लावून घेतात, रोग्यास डोक्यापासून पायांपर्यंत वाकळ पांघरतात, शेजारीपाजारी अंथरुणाभोंवतीं दाटी करून बसतात, आणि जो तो एकेक उपाय सुचवितो. कोणी तेल चोळावयास सांगतो, कोणी हळदीचा लेप, कोणी ओव्याची धुरी, कोणी अंगारा. आणि कोणी कांहीं न बोलतां पाठीवरून हात फिरवीत बसतो. यांपैकीं कशानें रोग्याचें खरोखर हित होतें, कशानें त्याला नुसतें बरें वाटतें, आणि कशाच्या नादांत दवाखान्यास जाण्याची वेळ निघून जाते, हा प्रश्न लहान नाहीं. पुष्कळदां एका जिवाचें जगणें-मरणें त्यावर अवलंबून असतें. ज्या बाईंनीं जन्मभर या प्रश्नाचा विचार केला, त्यांचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म १२ मे १८२० रोजीं इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं झाला, व त्या शहराचेंच नांव त्यांना ठेवण्यांत आलें. आईबाप इंग्रज असून फार श्रीमंत होते. वडिलांनीं आपल्या दोन्ही मुलींस घरींच उत्तम शिक्षण दिलें. या मुलीचा ओढा गणिताकडे विशेष होता. १८३७ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षांत, देवानें आपणांस सेवेसाठीं बोलाविलें आहे अशी त्यांची खात्री झाली. ती सेवा कोणती हें उमगावयास कित्येक वर्षें लागलीं. आणि उमगल्यावर घरच्यांचा विरोध आडवा आला. त्या काळीं इंग्लंडांतील इस्पितळांत रोग्यांची उस्तवार करणाऱ्या बायका बहुधा अशिक्षित असत, व दारूबाज म्हणून त्यांची अपकीर्ति होती. अशा कामांत आपली मुलगी कशी जाऊं द्यावी, असें आईस वाटे. तरी बाईंनीं आपला हेतु सोडला नाहीं. १८५१ सालीं जर्मनींतील कैसरस्वेर्थ गांवीं पाद्री फ्लीडनर यांनीं चालविलेल्या संस्थेंत त्यांनीं सुमारें तीन महिने राहून शुश्रूषेचें शिक्षण घेतलें, व १८५३ सालीं लंडनांतील एका लहान इस्पितळाची व्यवस्था आपल्या हातीं घेतली.

पुढील वर्षीं क्रिमियाच्या युद्धांतील जखमी इंग्रज शिपायांचे हाल वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाले, व सर्व इंग्लंड हळहळलें. सरकारच्या विनंतीवरून बाई ३८ परिचारिका घेऊन निघाल्या, आणि ४ नोव्हेंबर १८५४ रोजीं कॉन्स्टॅंटिनोपल शहरासमोरील स्कुटारी येथील इस्पितळांत पोहोंचल्या. तें इस्पितळ म्हणजे एक भली मोठी बराक होती. उंदीर, उवा व घाण यांचें तेथें राज्य होतें. बाईंनीं धुण्याची व्यवस्था केली, पथ्याचें अन्न शिजविण्याची सोय केली, शिपायांचीं पत्रें घरीं लिहून धाडलीं, आणि रात्रीं हातांत कंदील घेऊन त्या एकेका खाटेपाशीं जाऊन उभ्या राहूं लागल्या. कंदीलवाल्या बाईंची ही गोष्ट जगभर झाली, व आमच्या वाचकांनींहि ती शाळेच्या पुस्तकांत वाचली असेल.

परंतु या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग क्वचितच सांगितला जातो. बाई आल्यावरहि स्कुटारींतील मृत्यु थांबले नाहींत. हिवाळ्यांत ते वाढतच गेले. त्यांच्या पुढील हिशेबाप्रमाणें फेब्रुवारी १८५५ मध्यें शंभर रोग्यांमागें सुमारें ४२ मरत होते. इमारतीखालचीं गटारें तुंबलेलीं होतीं, त्यांतील दुर्गंधि वॉर्डांत शिरे, आणि हवेला मार्ग नव्हता. मार्च महिन्यांत इंग्लंडाहून आरोग्याचे अधिकारी आले. त्यांनीं गटारें साफ करविलीं, भिंतींस चुना दिला, पाणी तपासलें व हवा खेळती केली. गर्दीहि कमी झाली, ऋतूहि पालटला. जूनमध्यें मृत्यूंचें प्रमाण शेंकडा दोनांच्या आसपास आलें.

बाईंची त्या वेळची समजूत अशी होती कीं, शिपाई उपासमारीनें व थंडीनें खंगून येतात म्हणून मरतात. १८५६ सालीं घरीं परत आल्यावर विल्यम फार नामक संख्याशास्त्रज्ञाच्या साह्यानें त्या सर्व आंकडे तपासूं लागल्या, तेव्हां निराळेंच सत्य पुढें आलें. शत्रूच्या गोळ्यांपेक्षां रोगांनीं कितीतरी अधिक माणसें मारलीं होतीं. आणि ज्या इस्पितळांत त्या स्वतः रात्रंदिवस झिजल्या, त्याच्याच घाणीनें पुष्कळांचे बळी घेतले होते. स्वतःच्या पदरीं असें अपयश घेणें किती जड असेल, याचा वाचकांनीं विचार करावा. साऱ्या देशानें डोक्यावर घेतलेल्या बाईंना गप्प बसणें सोपें होतें. त्या गप्प बसल्या नाहींत. त्यांनीं ते आंकडे रंगीत आकृतींत मांडून अधिकाऱ्यांपुढें ठेविले, म्हणजे ज्यांना तक्ते वाचण्याचा कंटाळा त्यांनाहि तें एका दृष्टिक्षेपांत दिसावें. लंडनच्या संख्याशास्त्र मंडळाच्या त्या पहिल्या स्त्री सभासद झाल्या.

याच अनुभवांतून शुश्रूषेवरील त्यांचें पुस्तक १८५९ सालीं लिहिलें गेलें. तें मुख्यतः घरोघरच्या स्त्रियांसाठीं होतें. रोग बरा करण्याचें काम निसर्गाच्या शक्तीकडे आहे, आणि त्या शक्तीला मोकळेपणानें काम करतां येईल अशा स्थितींत रोग्यास ठेवणें हें शुश्रूषा करणाऱ्याचें काम आहे, असें त्यांचें सांगणें होतें. म्हणून औषधापूर्वीं त्यांनीं स्वच्छ हवा, प्रकाश, शुद्ध पाणी, वाहत्या मोऱ्या व स्वच्छता यांचा आग्रह धरला. पण त्या एवढ्यावर थांबल्या नाहींत. रोग्याला शरीराबरोबर मनहि आहे, हें त्यांनीं ओळखलें होतें. एकाच भिंतीकडे पाहून तो कंटाळतो; त्याला खिडकींतून बाहेरचें दिसावें, जवळ रंगीत फुलें असावींत. सलग स्वरांचें वाद्य किंवा कंठसंगीत त्याला शांत करतें. दाराआड कुजबुज केल्यानें त्याचा जीव घाबरा होतो. खोटी आशा दाखविणारे व वाटेल तो सल्ला देणारे पाहुणे त्याला थकवितात. पाळलेला लहान प्राणी दीर्घकाळच्या रोग्यास चांगली सोबत देतो. स्वतः बाई १८५७ पासून पुष्कळ वर्षें अंथरुणास खिळून होत्या. हें त्यांना अनुभवानें कळलें होतें.

होमिओपथीविषयीं त्यांचें मत गमतीचें होतें. ज्या हौशी बायका घरच्या घरीं जालीम औषधें देत, त्यांच्या हातीं ह्या बारीक गोळ्या गेल्यानें निदान अपाय तरी कमी झाला, असें त्यांना वाटे. पण त्या गोळींत मोठा गुण आहे असें त्यांनीं म्हटलें नाहीं. अपाय न होणें आणि गुण येणें ह्या दोन गोष्टी त्यांनीं वेगळ्या ठेविल्या, हें आम्हांस महत्त्वाचें वाटतें.

१८६० सालीं लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळांत त्यांच्या नांवाची परिचारिकांची शाळा निघाली. हिंदुस्थान त्यांनीं कधीं पाहिला नाहीं, परंतु त्याच्यासाठीं त्या चाळीस वर्षें झिजल्या. येथील छावण्यांकडून मागविलेल्या माहितीवर त्यांनीं अभ्यास केला. १८६३ सालच्या सरकारी अहवालांत गोऱ्या शिपायांत दर हजारीं ६९ मृत्यु दिसून आले. १८७३ सालीं हें प्रमाण १८ वर आल्याचें त्यांनीं नमूद केलें. मग त्यांचें लक्ष छावणीकडून खेड्यांकडे वळलें. १८७० सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशीं त्यांनीं गांवांच्या आरोग्याविषयीं पत्रव्यवहार केला. कायदे करून गांव स्वच्छ होत नाहीं; लोकांच्या घरीं जाऊन, त्यांचा मान राखून, त्यांच्याच भाषेंत समजावणारीं माणसें पाहिजेत, असें त्यांचें म्हणणें पडे. १८९६ सालीं याच विषयावर त्यांनीं लेख लिहिला. आज गांवोगांवीं आशाताई दारोदार फिरतांना दिसतात, तेव्हां त्या लेखाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

१३ ऑगस्ट १९१० रोजीं, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं, बाई लंडन येथें निवर्तल्या. राजेमहाराजांच्या शेजारीं वेस्टमिन्स्टर ॲबींत त्यांना पुरण्याची तयारी होती. परंतु त्यांच्या इच्छेप्रमाणें त्यांना आपल्या खेड्यांतील कुटुंबाच्या जागेंतच मूठमाती देण्यांत आली.

बाईंच्या मागें परिचारिकांनीं दोन्ही वारसे चालविले. रोग्याच्या मनाला व शरीराला एकत्र सांभाळणारे उपाय त्यांनीं जमविले, आणि ते खरे कीं खोटे हें मोजूनहि पाहिलें. त्या मोजणींत तीन प्रकार निघाले. पहिला प्रकार रोग्यास सुख देणारा. १९८४ सालीं अमेरिकेंतील उलरिक नामक संशोधकानें पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांच्या २३ जोड्या पाहिल्या. ज्यांच्या खिडकींतून झाडें दिसत त्यांना, ज्यांना विटांची भिंत दिसे त्यांच्यापेक्षां वेदनेचीं जोरकस औषधें कमी लागलीं, व ते थोडे लवकर घरीं गेले. शस्त्रक्रियेपूर्वीं संगीत ऐकविल्यानें भीति कमी होते असें २६ चांचण्या एकत्र करून २०१३ सालीं दाखविण्यांत आलें. दुसरा प्रकार प्राण वांचविणारा. कमी वजनाचें मूल जन्मतांच आईच्या उघड्या छातीशीं लावून ठेवणें हा उपाय आपल्या देशासह पांच देशांत तपासला गेला. थोडें स्थिर झाल्यावर नव्हे तर जन्मतांच तो सुरू केल्यानें पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील मृत्यु सुमारें चतुर्थांशानें घटले, असें २०२१ सालीं प्रसिद्ध झालें.

तिसरा प्रकार पोकळ निघाला. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत परिचारिकांमध्यें एक उपचार पसरला. त्यांत रोग्यास स्पर्श न करतां त्याच्या अंगावरून चार बोटें अंतरानें हात फिरवीत, व त्याची प्राणशक्ति हातास जाणवते असें सांगत. एमिली रोझा नांवाच्या नऊ वर्षांच्या मुलीनें २१ उपचारकांची साधी परीक्षा घेतली. त्यांचे हात पडद्याआड ठेवून ती आपला हात त्यांच्या एका हातावर धरी, व कोणत्या हातावर धरला हें विचारी. उत्तरें शेंकडा ४४ बरोबर आलीं. नाणें उडवून सांगितलें असतें तरी याहून अधिक आलीं असतीं. १९९८ सालीं हें अमेरिकेंतील एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकांत छापलें गेलें. ते उपचारक लबाड होते असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांची दया खरी होती. पण स्कुटारींतील दयाहि खरीच होती.

आतां आपल्या गांवाकडे वळूं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे भूकंपानें आपल्या तालुक्यांतील सास्तूर आदि गांवें पाडलीं, तेव्हां दगडमातीच्या जाड भिंतींखालीं असंख्य माणसें गेलीं. त्यानंतर सास्तूर येथें उभें राहिलेलें रुग्णालय स्पर्श या नांवानें ओळखलें जातें. तें नांव आम्हांस फार समर्पक वाटतें. दुःखी माणसाच्या खांद्यावर ठेवलेला हात, कोमट तेलाचें मर्दन, एखादें भजन, शांतपणें शेजारीं बसणें, हीं आपल्या आयाबहिणींचीं जुनीं साधनें आहेत. तीं सोडूं नयेत. परंतु उपाय करण्यापूर्वीं दोन प्रश्न मनाशीं विचारावे. यानें अपाय तर होणार नाहीं ना? आणि याच्या पायीं दवाखान्यास उशीर तर होणार नाहीं ना? सर्पदंश झाला असतां मांत्रिकाकडे घालविलेली घटका परत मिळत नाहीं. रोग्यास हालचाल करूं न देतां तडक इस्पितळांत न्यावें. श्वास लागला, बाळानें दूध सोडलें, ताप उतरेना, तर तेल व लेप बाजूस ठेवून वाहन पाहावें.

आणि आज सायंकाळीं कोणाच्या घरीं रोगी असेल, तर त्याच्या खोलीची खिडकी उघडावी, हात साबणानें धुवावे, मोरी वाहती करावी, दाटी कमी करावी व अंथरूण असें फिरवावें कीं त्याला दारांतलें लिंबाचें झाड दिसेल. याला पैसा लागत नाहीं. औषध चालू असेल तर त्याची वेळ व तापाचा आंकडा एका कागदावर लिहून ठेवावा, व तो कागद डॉक्टरांस दाखवावा. नाइटिंगेल बाईंच्या एका हातांत कंदील होता व दुसऱ्या हातांत हिशेबाची वही होती, हें आमच्या बंधुभगिनींनीं विसरूं नये, एवढीच विनंती करून आम्ही हें चरित्र संपवितों.